अंबडच्या थांब्यावरचा संयम

आधी एक विचारतो. तुम्ही हे कोणाला सांगणार तर नाही ना? बघा, सुरुवातच अशी. समोरच्याला विश्वासात घ्यायचं आणि त्याच दमात त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायचं, ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, तुम्ही देवळात हात जोडता तेव्हाही लक्ष बाहेरच्या चपलांवर असतं. खरं आहे तिचं. पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. देवरे सरांना कळली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्या काशिनाथला तर नाहीच. इतकी वर्षं दातांमागे ठेवली — आणि आज तुमच्यापुढे तोंड उघडतोय. का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आमच्या सिडकोत मला संयमी माणूस म्हणून ओळखतात. हसू नका. कराटे शिकवणारा माणूस आणि संयमी — ऐकायला बरं वाटतं ना? पोरांचे आईबाप येतात ते हेच ऐकून येतात. हे सर हात उचलायला नाही, हात आवरायला शिकवतात म्हणे. गल्लीत दोन पोरं भिडली तर म्हाताऱ्या बायका माझं नाव घेऊन त्यांना दटावतात. या नावाखाली काय पुरलं आहे, ते सांगायचं आहे. पण जरा दमाने. एकदम नाही जमणार.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होतो. कारखाना दोन शिफ्टचा. फर्स्ट सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटायची, सेकंड साडेतीनला आत जायची ती मध्यरात्रीच बाहेर यायची. आठवड्याला पाळी बदलायची. आणि माझा कराटेचा क्लास रोज संध्याकाळी साडेसहाला, सिडकोतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये. म्हणजे एक आठवडा क्लास, एक आठवडा खाडा. असं करून कुठे काय येतं? देवरे सर खाड्यांच्या बाबतीत फार कडक. मूळचे सटाण्याकडचे, शाळेत पीटी शिकवायचे. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे, पण चिडले की थेट अहिराणीवर यायचे. त्यांचा एक नियम हॉलच्या भिंतीलासुद्धा पाठ झाला असेल. रस्त्यावर मारामारी करायची नाही. कोणी शिवी दिली, ढकललं, तरी नाही. "रस्तावर हात उचला तं पट्टा सोडी दे अन घर जाय," असं म्हणायचे, आणि दोन पोरांना त्यांनी खरंच घरी पाठवलं होतं.

मी नियम पाळत होतो. पण मनातून? मनातून मला कोणीतरी छेडावं असं फार वाटायचं. त्या वेळी आम्ही सगळी पोरं व्हिडिओवर मारामारीचे पिक्चर बघूनच क्लासला आलेलो. पंधरा दिवस नुसतं गुडघे वाकवून उभं केल्यावर बरेच जण पळाले, मी टिकलो. आणि टिकलो तसा रस्त्याने चालताना माणसं मापायला लागलो — याला नाकावर, त्याला गुडघ्यावर. मागून येणारा का येतोय? पानटपरीवरचा माझ्याकडे बघून का हसला? सर सांगायचे, सावध राहा. सावध आणि संशयी यातला फरकही त्यांनी शिकवला असेल, पण त्या दिवशी बहुतेक माझी सेकंड शिफ्ट असेल.

तर शिफ्टचं. माझ्याच मशीनवर उलट्या पाळीला काशिनाथ भोये होता. मी मशीन सोडली की तो धरायचा. हरसूलकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. घरी भात आणि नागलीची थोडी शेती, आईबाप आणि नुकतीच लग्न करून आणलेली बायको तिकडे. हा इकडे अंबड गावात खोली करून राहायचा. कामावर टेम्पररी होता, पण हात चांगला होता, लवकरच ऑपरेटर म्हणून परमनंट करतील असं सगळे म्हणायचे. त्याला मी एकदा शिफ्टची अडचण सांगितली, तर जागच्या जागी म्हणाला, "मंग तुमची सेकंड मी करतो की. सेकंडला कॅन्टीनात जेवण भेटतं, फर्स्टला नुसता वडा. तुमी जा किलासला, दिलीपभाऊ."

झालं. त्या दिवसापासून मी कायम फर्स्ट, तो कायम सेकंड. सुपरवायझरला माहीत होतं, पण मशीन बंद पडत नव्हती, त्यामुळे तो काणाडोळा करायचा. या अदलाबदलीवर माझे पट्टे बदलत गेले — हिरवा, निळा, तपकिरी. मी त्याचे आभार कधी मानले का? आठवत नाही. उलट मनात यायचं, हा एवढ्या सहज कसा हो म्हणाला? याचा काय फायदा? फुकटात कोणी उपकार करतो होय?

मग एक नवे साहेब आले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली, झेंडूच्या माळा, पेढे, बायका-पोरंही आली होती. मित्रांनी आग्रह केला म्हणून मी सगळ्यांसमोर मंगळुरी कौलं फोडून दाखवली. टाळ्या पडल्या. नव्या साहेबांनी पाठ थोपटली, चार प्रश्न विचारले, मी छाती फुगवून उत्तरं दिली. फार मजेचा दिवस होता तो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सुपरवायझरने सांगितलं, अदलाबदल बंद. ज्याची पाळी त्याने करायची, साहेबांचा हुकूम आहे. आणि साहेब स्वतः मशीनपाशी येऊन मला म्हणाले, "ब्लॅक बेल्ट घे रे, जरूर घे. पण कंपनीच्या वेळेत नको."

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. यांना काय माहीत ब्लॅक बेल्टचं? अदलाबदलीचं कोणी सांगितलं? सुपरवायझर? तो स्वतःच अडकला असता. मग कोण? आणि मला आठवलं — दोनच दिवसांपूर्वी मी काशिनाथला साहेबांच्या केबिनमधून बाहेर येताना पाहिलं होतं. हसत बाहेर आला होता. मला बघून हात केला होता. हात कशाला केला? हसला कशाला?

आणखी काय पुरावा हवा? कंटाळला असणार सेकंडला. बायको नवी, रोज मध्यरात्री घरी जाऊन कोणाला बरं वाटेल? पण बायको तर गावाला होती — हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी दुसरं कारण शोधलं असतं. एकदा संशय आला की मी कारणं शोधण्यात फार हुशार.

ब्लॅक बेल्टची परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर होती. सरांनी आधीच बजावलं होतं की शेवटच्या महिन्यांत ज्याचे खाडे होतील त्याने परीक्षेला बसायचं नाही. मी सरांच्या पाया पडून सकाळची वेळ मागून घेतली. सेकंडच्या आठवड्यात मध्यरात्री घरी येऊन पहाटे हॉलवर जायचो, डोळ्यांत खडे टोचत असायचे. आणि प्रत्येक पहाटे ठोसा मारताना समोर काशिनाथचं तोंड धरायचो. आता सांगतोय तर सगळंच सांगतो.

त्याला विचारलं का? नाही विचारलं. एक वाक्य विचारायला काय लागतं — काशिनाथ, तू साहेबांना काही बोललास का? पण विचारलं आणि तो नाही म्हणाला तर मग रागवायचं कोणावर? मी बोलणंच तोडलं. पाळी संपली की मशीनवरचा लोखंडाचा चुरा न झाडता तशीच त्याच्या हवाली करायचो. तो आपला फडकं घेऊन पुसत बसायचा. एकदा म्हणाला, "काय झालं, दिलीपभाऊ? तब्येत बरी नाय का?" मी म्हटलं, बरी आहे. बघा कसा साळसूद बनतोय, असं मनात म्हणालो.

आता तो दिवस. इथे मी नेहमी अडखळतो — मनातल्या मनात सांगतानाही.

माझी फर्स्ट सुटली होती. चांगलं लख्ख ऊन, चार वाजायला आलेले. मी अंबडच्या बसथांब्यासमोर रस्त्याच्या अलीकडे पानटपरीशी चहा घेत होतो, खांद्याला कराटेच्या ड्रेसची पिशवी. पलीकडे बस थांबली आणि काशिनाथ उतरला. तो आठ-दहा दिवस सुट्टीवर होता. डोक्यावर तांदळाचं पोतं. पोतं बघूनसुद्धा मला कळायला हवं होतं की हा भातकापणीला गेला होता आणि केबिनमध्ये सुट्टीच मागायला गेला असेल. नाही कळलं. त्याने पोतं खाली टेकवलं, ते बाजूला उभ्या असलेल्या मोटारसायकलला लागलं, आणि गाडी आडवी झाली.

गाडी तीन पोरांची होती. तिथेच उभी होती. एकाने शिवी दिली, काशिनाथने वाकून गाडी उचलायला हात घातला, तेवढ्यात दुसऱ्याने त्याच्या कमरेत लाथ घातली. मग तिघं तुटून पडले. त्यांना मारता येत नव्हतं हो. हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. तीन अडाणी पोरं, तोल नाही, पाय सुटलेले, हात हवेत. मी मापलं त्यांना, सवयच होती. पहिला गुडघ्यावर, दुसरा बरगडीत, तिसरा पळालाच असता. रस्ता रुंद नव्हता. दहा ढांगांत मी तिथे असतो.

मी चहाचा ग्लास ठेवला नाही.

काशिनाथने मान वर केली आणि हाक मारली, "दिलीपभाऊ!" एकदाच. मोठ्याने. आणि मी — मी टपरीच्या मागे सरकलो. पिशवी पोटाशी धरली. टपरीवाला माझ्याकडे बघत होता. मागच्या बाजूला सिडकोकडे जाणारी शेअर रिक्षा भरत होती, मी तिच्यात बसलो. रिक्षा निघाली तेव्हा एकजण काशिनाथच्या हातावर बूट ठेवून उभा होता. ते मी पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं.

का गेलो नाही? रिक्षा सिडकोत पोचेपर्यंत माझ्याकडे उत्तर तयार होतं. सरांचा नियम! रस्त्यावर हात उचलायचा नाही. पट्टा गेला असता, परीक्षा गेली असती. पण खरं विचाराल तर टपरीमागे सरकताना मला नियम आठवला नव्हता. तेव्हा मनात दुसरंच होतं. भोग आता, असं मी म्हणालो होतो. मनातल्या मनात, अगदी स्पष्ट शब्दांत. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. कौलं उलटून मारत नाहीत. इतकी वर्षं ठोसे मारून मी आयुष्यात कधी मार खाल्लेला नव्हता, आणि मी घाबरलो होतो.

म्हणजे द्वेष, भीती आणि वर नियमाचं पांघरूण. कुठलं किती, ते अजून कळलेलं नाही.

काशिनाथच्या उजव्या हाताची बोटं मोडली. बसली ती वाकडीच बसली. तो परत आला तेव्हा मी त्याला काय म्हणालो असेन? मी विचारलं, "काय झालं रे?" जसं काही मला ठाऊकच नाही. तो म्हणाला, "थांब्यावं पोरांनी मारलं. गाडी पडली त्यांची." आणि क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्याचा अर्थ मी पुढे कितीतरी वर्षं लावत बसलो. लेथचं हँडल त्याच्या मुठीत बसेना, बारीक माप धरता येईना. त्याला हेल्परीवर टाकलं — मालाचे क्रेट ओढायचे, झाडू मारायचा. ऑपरेटर म्हणून तो परमनंट होणार होता, तो बऱ्याच उशिराने हेल्पर म्हणून झाला.

आणि मी? मी परीक्षेला बसलो. आमच्याकडे ब्लॅक बेल्टला शेवटी तोंडी असते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, संयम म्हणजे काय, अनुभवातून सांगा. इतर पोरं पाठ केलेलं बोलली. माझी पाळी आली, आणि मी उभा राहून सांगितलं — अंबडच्या थांब्यावर चार वाजता माझ्या पिशवीचा धक्का लागून तीन पोरांची मोटारसायकल पडली. त्यांनी शिव्या दिल्या, कॉलर धरली, एक लाथही मारली. मला तिघांना लोळवता आलं असतं. पण मला सर आठवले. मी गाडी उचलून दिली, हात जोडले आणि निघून आलो.

ऐकताय ना? त्याचा मार मी माझ्या नावावर केला. आधी ठरवलं नव्हतं, शप्पथ. पण शब्द असे सुरेख आले तोंडातून, अडखळलोसुद्धा नाही. देवरे सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला काळा पट्टा बांधला आणि म्हणाले, माझ्या क्लासचं सार्थक झालं.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा कौलं फोडायचा आग्रह झाला. साहेब पेढा खात हसून म्हणाले, "गेल्या वर्षी तूच मला सांगितलंस की नाही, रोज साडेसहाला क्लास, एक दिवस खाडा नाही, आता ब्लॅक बेल्ट? तेव्हाच मी म्हटलं, अरे, मग सेकंड शिफ्टला याच्या मशीनवर भूत काम करतं की काय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी स्वतः, माझ्या तोंडाने, टाळ्यांच्या भरात सगळं सांगून बसलो होतो. काशिनाथ तेव्हा दारातल्या पायऱ्या झाडत होता, पूजेची फुलं गोळा करत होता. मी त्याच्यापाशी गेलो. खरंच गेलो होतो. तो म्हणाला, पेढा घेतला का, दिलीपभाऊ? मी म्हटलं, घेतला. आणि परत फिरलो.

वर्षं गेली. सरांचे गुडघे गेले, क्लास माझ्याकडे आला. तोवर मी सुपरवायझर झालो होतो, कायमची फर्स्ट, संध्याकाळ मोकळी. दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी अंबडच्या थांब्याची गोष्ट सांगायची, ही प्रथाच पडली. सर स्वतः खुर्चीत बसून म्हणायचे, सांग पोरांना. मी सांगायचो. गोष्ट वाढतही गेली. तिघांचे कधी चौघे झाले, एकाच्या हातात साखळी आली.

आणि एका जूनमध्ये काशिनाथ आपल्या मुलीला घेऊन हॉलच्या दारात उभा राहिला. योगिता तिचं नाव, दहा-अकरा वर्षांची, डोळे वडिलांसारखे. आता त्याचं बिऱ्हाड नाशिकलाच होतं. "हिला शिकवा, दिलीपभाऊ. पोरीची जात, रस्त्यानं एकटी येती-जाती."

रस्त्यानं! हा शब्द त्याने मुद्दाम वापरला का? नाशिकमध्ये क्लास काय थोडे होते? मग माझ्याचकडे का? मी तिला घेतलं, नाही कसं म्हणणार? त्या दिवशी नवी बॅच होती आणि सर खुर्चीत होते. सर म्हणाले, सांग. काशिनाथ दाराजवळ फरशीवर मांडी घालून बसला होता. आणि मी सांगितलं. त्याच्यासमोर, त्याच्या वाकड्या बोटांसमोर — थांबा, मोटारसायकल, लाथ, हात जोडले, निघून आलो. तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, काय झालं?

निघताना काशिनाथ म्हणाला, "चांगलं सांगता, दिलीपभाऊ."

खाई त्याला खवखवे. या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. टोमणा होता का? धमकी? पोरीला पाठवून हा काय साधतोय? ती रोज यायची आणि मी रोज तिच्या चेहऱ्यावर शोधायचो, हिला बापाने सांगितलंय का? ती माझ्याकडे बघायची तेव्हा वाटायचं, जाणते ही. तिला मी कधी शाबासकी दिली नाही. खरं तर अशी मुलगी माझ्याकडे पुन्हा आली नाही. खाडा नाही, कुरकुर नाही, आणि पाय असा सुटायचा की मोठी मुलं तिच्यासमोर उभी राहायला नको म्हणायची.

ती ब्लॅक बेल्टला बसली तेव्हा तोंडी परीक्षा मी घ्यायची होती. बाकी सगळ्यात ती पहिली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. रस्त्यावर कोणी तुम्हाला त्रास दिला तर काय कराल?

योगिता म्हणाली, "मला त्रास दिला तर मी निघून जाईन, सर. पण माझ्या माणसाला कोणी मारत असेल तर मी मध्ये पडेन. पट्टा गेला तर जाऊ दे."

खुर्चीतून सर हळूच म्हणाले, "खरं बोलनी पोर."

आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवून पाठवलीय! बापाने एवढी वर्षं वाट पाहिली आणि आज माझ्याच हॉलमध्ये, सरांसमोर, पोरीच्या तोंडून मला चपराक दिली. याशिवाय दुसरं काही मला दिसेना. मी म्हणालो, सर, नियम तुमचाच आहे. सर मान खाली घालून म्हणाले, "तुनं बराबर शे." माझ्याशी संयमाच्या बाबतीत वाद कोण घालणार?

मी योगिताला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काशिनाथ माझ्याकडे आला. मी तयारीतच होतो. आता हा बोलणार, आता सगळं काढणार, या विचाराने माझ्या मुठी आवळल्या होत्या. तो म्हणाला, "पोरगी रडत व्हती. मी तिला म्हनलं, सर शिस्तीचे हायेत, पुढच्या टायमाला नीट उत्तर दे. तिला काय म्हाईत, दिलीपभाऊ? तिला वाटतं रस्त्यावं भांडनं सोपं असतं." मग वाकड्या बोटांनी मान खाजवत म्हणाला, "त्या थांब्यावं मला मारलं ना, तव्हा मी तुमाला हाक मारली व्हती. पिशवी दिसली, वाटलं तुमीच. दुसरंच कोन व्हतं. मंग तुमच्या किलासमदी ऐकलं, त्याच पोरांनी तुमालाबी गाठलं व्हतं. तव्हा वाटलं, बरं झालं त्या दिवशी तुमी नव्हता. माझ्यासाठी मधी पडला असता अन् पट्टा गेला असता तुमचा."

मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा शोधला, डोळ्यांत शोधला, ओठांच्या कोपऱ्यात शोधला. काही नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर पाळत ठेवली, त्याने माझ्यावर एक दिवसही संशय घेतला नव्हता.

त्या क्षणी सांगता आलं असतं. मशीन चालू होत्या, आजूबाजूला कोणी नव्हतं, तो समोर उभा होता. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बसव तिला."

पुढच्या वर्षी योगिता बसली. मी तोच प्रश्न विचारला. ती सरळ उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि माझंच वाक्य म्हणाली — मी हात जोडीन आणि निघून जाईन. या वेळी ‘माझ्या माणसा’चं तिने नाव काढलं नाही. मी तिला पूर्ण गुण दिले आणि पट्टा माझ्या हाताने बांधला. काशिनाथ दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.